झिरो बघा

पंपावरचा पोरगा नोझल टाकीत घालायच्या आधी म्हणतो, "झिरो बघा, काका." आपण बघतो. शून्य असतं. मग आकडे पळायला लागतात. एका खिडकीत रुपये, दुसरीत लिटर, तिसरीत त्या दिवसाचा भाव. पैसे द्यायचे आणि निघायचं. बावीस वर्षं मी बेकरीचा माल दुकानांना पोचवतोय: खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. या बावीस वर्षांत धंद्यातला माझा सगळ्यात मोठा रोजचा खर्च असा डोळ्यांदेखत, शून्यापासून सुरू होऊन झाला. त्याचा राग पुष्कळदा आला, पण तो नेमका किती झाला याची शंका कधी आली नाही.

विजेची गाडी घेतली आणि पहिल्यांदा हा झिरो गेला.

विजेच्या मीटरला शून्य नसतंच. तो बसवला त्या दिवसापासून पुढेच जात असतो, आणि त्यात फ्रीज, पंखे, गिझर, पाण्याची मोटर सगळ्यांचं मिसळलेलं असतं. आपल्या गाडीने काल रात्री किती खाल्लं, हे तो सांगत नाही. आजचं वाचन वजा कालचं वाचन असं करायचं, त्यातून घराचा अंदाज काढून टाकायचा, आणि जे उरेल त्याला कशाने गुणायचं हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. हा गुणायचा आकडा शोधता शोधता माझे पहिले तीन महिने गेले.

आधी माझा रस्ता सांगतो, म्हणजे हिशेब कळेल. गाळा पुण्यात धायरीत, घरही तिथेच, गुंठेवारीतलं बैठं. पहाटे साडेचारला माल भरायचा. सिंहगड रस्त्याने वडगाव, आनंदनगर, मग वारजे, कोथरूड, कर्वेनगर. आठवड्यातून तीन दिवस नव्या कात्रज बोगद्यातून खेड-शिवापूरपर्यंत, महामार्गालगतची हॉटेलं आणि किराणा दुकानं. सरासरी काढली तर दिवसाला ९० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. खारी हा मोठा मजेशीर माल आहे. गाडी छतापर्यंत भरते, पण वजन म्हणाल तर दोन माणसं मागे बसल्यासारखं. शिवाय आम्ही लवकर निघतो, दुपारी दोनपर्यंत घरी. म्हणजे गाडी दिवसातले चौदा-पंधरा तास दारात उभीच. चार्जिंगच्या गाडीला याहून सोयीचा धंदा शोधून सापडणार नाही, असं मला शोरूममधल्या मुलाने सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्याने पुढे सांगितलं, "काका, किलोमीटरला एक रुपया पडतो." हे मात्र मी विचारायला हवं होतं, की एक रुपया कुणाच्या घरी?

जुनी गाडी पेट्रोलची व्हॅन, २०१५ ची. ती घेतली तेव्हा पेट्रोल सत्तरच्या आसपास होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ते १२० ला जाऊन टेकलं. मग मे महिन्यात केंद्राने कर उतरवला, जुलैत राज्याने व्हॅट कमी केला, २०२४ च्या मार्चमध्ये आणखी दोन रुपये उतरले, आणि भाव १०४ च्या आसपास येऊन बसला. शहरात, दर दोनशे मीटरवर थांबत, ती गाडी १४ चं ॲव्हरेज द्यायची. म्हणजे किलोमीटरला सात रुपये चाळीस पैसे. महिन्याला सतरा हजार चारशे. माझ्याकडे वही आहे, दर टाकीची नोंद आहे, त्यामुळे हा आकडा घासाघीस न करता सांगतो.

सीएनजी का नाही केलं, हे मला प्रत्येक जण विचारतो. रास्त प्रश्न आहे. तेव्हा किलोला ८६ च्या आसपास भाव होता, किलोमागे एकोणीस-वीस ॲव्हरेज, म्हणजे साडेचार रुपयांच्या आतच किलोमीटर. पण सिलिंडर मागे जागा खातो, आणि खारीच्या धंद्यात जागा म्हणजेच पैसा. त्याहून मोठं दुखणं रांगेचं. प्रेशर कमी आहे म्हणून पाऊण तास रिक्षांच्या मागे उभं राहायचं, ते दर एक-दोन दिवसांनी. माझ्या साडूने केली सीएनजी. त्याची गाडी रांगेत असताना तो मला फोन करतो, आणि तो फोन लांबत जातो त्यावरून मला रांग किती आहे ते कळतं.

तर २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला विजेची गाडी दारात आली. हिरवी पाटी, तिच्यावर पिवळे आकडे. बायकोने ओवाळलं, लेकीने फोटो काढले, आणि संध्याकाळी प्लग लावला तर गाडीने चार्जिंग घेतलंच नाही. चार्जरच्या डबीवर लाल दिवा. मला वाटलं, गाडीतच खोट आहे. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, हसला आणि म्हणाला, "काका, तुमच्या घराला अर्थिंगच नाही." एकोणीस वर्षं आम्ही त्या घरात राहतोय, मिक्सर चाललाय, वॉशिंग मशीन चाललंय, आणि बटणांच्या मागची हिरवी वायर कुठेच जात नव्हती, भिंतीत जाऊन संपत होती. गाडीला ते पहिल्या मिनिटात कळलं. मग अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून पाइप पुरला, तांब्याची वायर आणली. पंधरा अँपिअरचं सॉकेट वेगळं काढलं, वायर जाड टाकली, एमसीबी बसवला. चार दिवस नवी गाडी हार घालून उभी आणि मी जुन्याच गाडीतून माल पोचवतोय. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय, बंद पडली का एवढ्यात?" त्यांना काय सांगणार, की घरच बंद होतं.

बॅटरी एकवीस युनिटांच्या घरातली. कागदावर दीडशेच्या वर किलोमीटर लिहिलेत, माझ्या रस्त्याला शंभर-एकशेपाच मिळतात. मला चालतं. साध्या सॉकेटवर रात्रभरात भरते. पहिल्या महिन्यात मी फार खुशीत होतो. पंपावर जायचं नाही, खिशातून रोजचे सहाशे-सातशे निघायचे नाहीत. वहीतला पेट्रोलचा रकाना कोरा पडत गेला तसा मी त्यात खडूच्या रेघेसारखी एक आडवी रेघ मारत गेलो. आता वाटतं, कोऱ्या रकान्यानेच मला फसवलं. खर्च होत होताच, फक्त रोज संध्याकाळी समोर येऊन उभा राहत नव्हता.

तो जूनचं लाईटबिल होऊन आला.

आमचं घर महिन्याला १८० युनिटांच्या मागेपुढे खातं. त्या महिन्यात ६९५ युनिट झाली. बायकोने बिल हातात धरलं, दोनदा पुढे-मागे करून पाहिलं, आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवलं. तिचं न बोलणं मला कळतं. नेहमीच्या बिलावर नऊ हजार दोनशेच्या वर रक्कम चढली होती.

मी मनातल्या मनात धरून चाललो होतो, आपल्याला युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं. कारण घराचं जुनं बिल भागिले जुनी युनिट केलं की तेवढंच यायचं. लेक बी.कॉम. करते, तिने बिल उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दरांचा तक्ता असतो. मी इतक्या वर्षांत तो कधी वाचला नव्हता, आणि माझी खात्री आहे की निम्म्या महाराष्ट्राने वाचलेला नाही. २०२४-२५ चे घरगुती दर असे होते: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, आणि पाचशेच्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीजशुल्क.

"बाबा," ती म्हणाली, "स्वस्तातली युनिटं घराने आधीच खाल्लीयत. गाडीच्या वाट्याला वरची सगळी महागडी येतात." तिने पेन्सिलीने पायऱ्या काढून दाखवल्या. पंगतीत शेवटी बसणाऱ्याला भांड्याच्या तळाशी लागलेलं मिळतं, तसं गाडीचं झालं होतं, फक्त इथे त्या करपलेल्याला जास्त पैसे मोजायचे होते. गाडीच्या प्रत्येक युनिटामागे अठरा रुपये गेले होते. किलोमीटरला जवळजवळ चार रुपये. साडूची सीएनजी आणि माझी वीज यांत पन्नास पैशांचं अंतर.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप लागत नाही तेव्हा मी हिशेब करतो. पेट्रोलचं एक लिटर म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने किती युनिट, हे मी लेकीला विचारून ठेवलं होतं. साधारण नऊ. म्हणजे १०४ रुपयांना नऊ युनिटं, साडेअकरा रुपयांना एक. मी दोनदा भागून पाहिलं. मी ज्याला महाग म्हणून शिव्या देत होतो ते पेट्रोल साडेअकरा रुपये युनिट, आणि स्वस्त म्हणून घरी आणलेली वीज अठरा रुपये युनिट!

मग विजेची गाडी तरीही पुढे का? ती कमी खाते म्हणून. जुनी व्हॅन एका लिटरात, म्हणजे नऊ युनिटांत, १४ किलोमीटर जायची. ही गाडी तेवढं अंतर तीन युनिटांत जाते. उरलेली सहा युनिटं जुन्या गाडीत कुठे जायची, तर सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून, हवा गरम करायला. उन्हाळ्यात सीटखालून जी धग यायची, मांडी भाजायची, ती मी पैसे देऊन विकत घेत होतो. इंजिन सीटखाली असलेली व्हॅन ज्याने मे महिन्यात चालवली आहे त्याला हे वाक्य लगेच कळेल. सिग्नलला उभं असतानाही ती धग चालूच, कारण इंजिन चालू. विजेची गाडी सिग्नलला उभी राहते तेव्हा खरोखरच उभी असते.

पण ती तिप्पट बचत घरच्या मीटरवर अशी गळून जात होती. आणि हप्ता वेगळा. पेट्रोलच्या तसल्याच नव्या गाडीपेक्षा ही साडेतीन लाखांनी महाग पडली. तेवढ्याच फरकाचा हप्ता चार वर्षांसाठी काढला तर महिन्याला नऊ हजारांच्या थोडा वर. पेट्रोलचे सतरा हजार चारशे वाचले, त्यातून लाईटबिलाचे नऊ हजार दोनशे-तीनशे गेले, राहिले आठ हजार शंभर. हप्त्याला नऊ. म्हणजे हिरवी पाटी लावून मी दर महिन्याला हजारभर रुपयांनी खड्ड्यात होतो, आणि बेकरीवर सगळ्यांना सांगत होतो, "काही नाही हो, रुपयात किलोमीटर!" खोटं बोलायचा हेतू नव्हता. मला ते खरंच वाटत होतं.

वेगळ्या मीटरची कल्पना मला लाईनमनने दिली. तो डीपीवर चढला होता, मी खाली उभा राहून गाऱ्हाणं घातलं. वरूनच म्हणाला, "घराच्या मीटरवर धंद्याची गाडी कशाला लावताय? गाडीचं कनेक्शन वेगळं मिळतं, त्याला स्लॅब नसतो." चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे, हे शोरूममध्ये सांगायला हवं होतं असं मला वाटलं. पण तो मुलगा गाड्या विकतो, मीटर विकत नाही, आणि त्याचं वय पाहता त्याच्या घरचं बिलही त्याचा बाप भरत असणार.

अर्ज, घराची कागदं, कोटेशन भरलं, मग मीटर शिल्लक नाही, मग मीटर आला तर माणूस नाही. ऑगस्टच्या शेवटी तो भिंतीवर लागला. त्याच्या बिलात युनिटाचा दर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, वर मंजूर लोडचा मासिक आकार वेगळा, आणि तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात वापरलं तर युनिटामागे दीड रुपया सूट होती. मी दहाचा गजर लावला. सगळे आकार धरून मला युनिट साडेआठच्या आसपास पडू लागलं. पाचशे पंधरा युनिटांचे चार हजार चारशे. किलोमीटरला एक रुपया नव्वद पैसे.

तीच गाडी, तोच प्लग, तीच वीज, तोच खांब. दोन मीटर भिंतीवर हातभर अंतराने लागलेत. डावीकडच्याला लावलं तर चार रुपये, उजवीकडच्याला लावलं तर दोनाच्या आत. पाहुणे आले की मी त्यांना हे दोन मीटर दाखवतो. बायको म्हणते, लोक देव दाखवतात, हे मीटर दाखवतात.

उजवीकडच्या मीटरने मला झिरोही थोडा परत दिला. त्याच्यावर फक्त गाडी असते, त्यामुळे सकाळचं वाचन वजा रात्रीचं वाचन केलं की काम झालं. वहीत मी नवे रकाने आखले. तिथे आणखी एक गोष्ट सापडली. गाडीचा पडदा म्हणतो अठरा युनिटं भरली, मीटर म्हणतो वीस. पहिल्यांदा मला मीटरच खोटा वाटला. पण चार्जरची डबी हात लावला की कोमट लागते, गाडीच्या पोटात पंखा फिरत असतो, ते सगळं कुणाच्या पैशाने? दूध तापवलं की थोडं पातेल्याला लागतंच. हिशेब मात्र पातेल्यात ओतलं त्याचा धरायचा, पेल्यात आलं त्याचा नाही. किलोमीटरला रुपया सांगणारे बहुतेक जण पेल्याचा धरतात.

बाहेरचं चार्जिंग मी मोजून सात-आठ वेळा केलं असेल. पुण्यात गुरुवारी लाईट जायची आणि पाणीही जायचं, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. दिवसा गेली तर माझं काही अडत नाही. पण एकदा पावसात बुधवारी रात्री अकराला गेली ती पहाटे चारला आली. गाडीत अडतीस टक्के. माल भरलेला, खारी तर पावसाळ्यात दुपारपर्यंत ठेवली की सादळते, दुकानदार परत करतो. निघालो, आणि वारज्याला एका चार्जिंग स्टेशनवर गाडी लावली. आधी मोबाईलवर ॲप उतरवा, मग त्यात पैसे भरा, मग क्यूआर कोड, मग ओटीपी, आणि पावसात भिजलेल्या बोटाला फोनचा पडदा दाद देईना. दहा युनिटं घेतली, दोनशे वीस रुपये. विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग ही सेवा धरतात, म्हणून १८ टक्के जीएसटी त्यात आला. बावीस रुपये युनिट. तिथे मीटर गाडीच्या तोंडाशी असतो म्हणून वाया जाणारं कमी दिसतं, तरी किलोमीटर चार रुपये चाळीस पैशांना पडला. साडूला फोन केला. म्हटलं, आज आपण दोघं सारखे. तो रांगेतच होता.

यावरून कुणी म्हणेल, मग ज्याच्या दारात गाडी लावायला जागा नाही, स्वतःचा मीटर नाही, त्याने काय करायचं? मला उत्तर ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही. आमच्या बेकरीवर माल उचलणारी दोन पोरं भाड्याच्या खोलीत राहतात, टेम्पो रस्त्याच्या कडेला लावतात. त्यांनी माझं ऐकून विजेची गाडी घ्यायचं मनात आणलं होतं. मी त्यांना बसवून वही दाखवली. रोज बाहेर चार्ज करायचं तर सीएनजीचाच भाव पडतो, वर हप्ता जास्त आणि स्टेशनवर बसून राहायचा वेळ वेगळा. एकाने विचार सोडला. दुसरा म्हणाला, "काका, तुमच्या दारात लावू का रात्री, युनिटाचे पैसे देतो." माझ्या मंजूर लोडवर एका वेळी एकच गाडी लागते. त्याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

नवले पुलाचा उतार पुणेकरांना सांगायला नको. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत रस्ता नुसता घसरत येतो, आणि तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती माणसं घेतली ती बातमी दर काही महिन्यांनी वाचायला मिळते. तिथल्या अपघातांचं एक कारण पोलिसही सांगत आले आहेत: डिझेल वाचवायला ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात. मी स्वतः जुनी व्हॅन त्या उतारावर न्यूट्रल केलेली आहे. कबूल करायला लाज वाटते, पण केली आहे, एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्या उतारावर वाचून वाचून किती वाचत होतं? दहा-पंधरा रुपये दिवसाला, तेही नक्की नाही. आता खेड-शिवापूरहून परत येताना तिथे पायडलवरून पाय उचलला की गाडी आपली आपण ओढून धरते, मोटर उलटी राबते आणि तीच वीज बॅटरीत जाते. बोगद्याच्या तोंडाशी एक्केचाळीस टक्के असले तर पुलाखाली एक्केचाळीसच असतात, कधी बेचाळीस. म्हणजे ज्या उतारावर पैसे वाचवायला जीव पणाला लावायचो, तिथे आता हळू उतरण्याचे पैसे मिळतात. मागून ट्रकवाले हॉर्न देतात, देऊ देत.

ऑइल बदलणं गेलं, फिल्टर गेले, प्लग गेले. टायर तेवढे आधीसारखेच झिजतात. आणखी एक झालं, गाडीचा आवाज गेला. आनंदनगरचा एक दुकानदार माझ्या जुन्या गाडीच्या आवाजाने उठायचा, शटर अर्धं वर करून ठेवायचा. नवी गाडी आल्यावर पहिला आठवडा तो झोपून राहिला आणि मी त्याच्या दारात उभा. आता निघताना मिस्ड कॉल देतो.

दोन रुपयांच्या आतल्या किलोमीटरवर माझा हिशेब आता बसलाय. पेट्रोलच्या मानाने तेरा हजार वाचतात, नऊ हप्त्यात जातात, चार हातात राहतात. पण मी ते चार हजार कमाई म्हणून धरत नाही, वेगळे ठेवतो. बॅटरीला सात वर्षांची हमी आहे, आठव्या वर्षी काय, ते तेव्हा. माझ्या लेखी बॅटरी म्हणजे आधीच विकत घेऊन ठेवलेल्या पेट्रोलची टाकी आहे. भाव चढला-उतरला तरी आपण पैसे मोजून बसलोय, आता गाडी जितकी जास्त पळेल तितकं ते पेट्रोल स्वस्त. म्हणूनच रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याने माझं ऐकून ही गाडी घेऊ नये. त्याची टाकी फुटक्या हौदासारखी नुसतीच पडून राहील आणि हप्ता मात्र वेळेवर येईल.

हिशेब बसला म्हणतो तोवर घड्याळच फिरायला लागलंय. राज्यात सौरऊर्जा वाढली, दुपारी वीज मुबलक असते, तर दर त्या बाजूला झुकू लागलेत. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे सवलत सुरू झाली. आयुष्यभर आम्ही ऐकत आलो, रात्रीची वीज स्वस्त. आता दिवसाची. ही सवलत घरगुती मीटरची, पण उद्या गाडीच्या मीटरचंही तसंच झालं तर? माझी गाडी दुपारी दोनला घरी येते. दोन ते पाच, तीन तास मिळतात, निम्मी बॅटरी भरते. ज्याची गाडी दिवसभर रस्त्यावर, त्याच्यासाठी ऊन कितीही स्वस्त झालं तरी त्याच्या टपावरून निघून जाणार. गजर दहाचा ठेवायचा की दुपारचा, यावर मी आणि लेक बिलाच्या पाठीमागचा तक्ता घेऊन बसतो. तिने त्याच्यावर पिवळं पेन फिरवून ठेवलंय.

पंपावर मी अजूनही जातो. लेकीची स्कूटर पेट्रोलची आहे. परवा तिच्या मागे बसून गेलो. पोरगा तोच, त्याने मला ओळखलं. "काका, दिसत नाही हल्ली?" म्हणाला आणि नोझल उचलून सवयीने, "झिरो बघा." बघितलं. लेक म्हणाली, दोनशेचं टाक. आकडे पळायला लागले आणि १.९२ लिटरवर थांबले. माझ्या डोक्यात गुणाकार सुरूच होता. सतरा युनिटं. या सतरा युनिटांत ही पोरगी एकटी स्कूटरवरून पंच्याऐंशी किलोमीटर जाणार. आणि मीटरवरच्या तेवढ्याच सतरा युनिटांत मी छतापर्यंत खारी भरलेला टेम्पो घेऊन पंच्याहत्तरच्या वर किलोमीटर जातो.

"काय पुटपुटताय?" तिने विचारलं. मागे रांग होती, मागच्याने हॉर्न दिला, म्हणून मी टाकीचं झाकण लावलं आणि मागे बसलो.